डिंकदादाचं दाट

बस डेपोच्या कॅन्टीनमध्ये जो माणूस तीस वर्षं चुलीशी उभा होता, त्याला सगळे डिंकदादा म्हणायचे. डिंकाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. संबंध होता तो साबूच्या पिठाशी. ज्या कंदापासून साबुदाणा होतो, त्याच कंदाचं हे पीठ. चिमटीत धरलं तर कुरकुरतं, पाण्यात टाकलं तर गरीब गाईसारखं तळाशी जाऊन बसतं, आणि विस्तव दाखवला की असं काही चिकटतं की पळीसुद्धा सुटायचं नाव घेत नाही. पोत्यावर कारखान्याने 'टॅपिओका' असं ठसठशीत छापलेलं असायचं, पण तो शब्द डेपोत कुणाच्या तोंडात बसला नाही. साबू तो साबूच.

डिंकदादाचा या पिठावर इतका जीव की घरात लोक जसं धाकट्या भावाला कुठल्याही कामाला जुंपतात, तसं तो त्याला जुंपायचा. सूप पातळ झालं, घाल साबू. मटणाच्या रश्शाला अंग नाही, घाल साबू. तळायच्या माशाला वरून साबूचा हात, म्हणजे कड कशी काचेसारखी वाजते. अंडी संपली तर केकमध्ये साबू. उरलेल्या खिमटाच्या चकत्या थापून पत्र्यावर वाळवायच्या आणि तळून चहाबरोबर द्यायच्या. उन्हाळ्यात लिंबाच्या सरबतात शिजवलेले दाणे सोडायचा, ते ग्लासात माशाच्या डोळ्यांसारखे टकमक बघायचे. नव्या पोरसवदा कंडक्टरांनी कुठेतरी पाहिलं, म्हणून गुळाच्या पाकात मुरवलेले काळे टपोरे गोळे थंड चहात टाकून जाड नळीने ओढायचा प्रकारही त्याने सुरू केला. पहिल्याच दिवशी एकाच्या नळीतून गोळा सुटला तो थेट फोरमनच्या टकलावर. फोरमनने वर छताकडे पाहिलं आणि "पाल आहे वाटतं," म्हणून खुर्ची सरकवून घेतली.

स्वयंपाकातून उरलेला साबू इतर कामांना. ड्रायव्हरांच्या गणवेशाच्या कॉलरला खळ त्याचीच. भिंतीवरचं वेळापत्रक चिकटवलं तेही त्याच खळीने, आणि असं चिकटवलं की नवीन वेळापत्रक आलं तेव्हा जुनं निघेना. शेवटी त्याच्यावरच नवीन लावलं. आता तिथे अकरा वेळापत्रकांचा थर आहे आणि भिंतीला उशी लावल्यासारखं वाटतं.

"डिंक्या, मागच्या चाकाचं पंक्चर आहे. वाटीभर खळ देतोस का?" पहाटेच्या पाळीचा एक म्हातारा ड्रायव्हर रोज विचारायचा. त्याचा आवाज असा की त्याला सगळे हॉर्न म्हणत.

"देतो की. पण चाक मग सुटायचं नाही, गाडी तुझ्या घरापर्यंत येईल."

"येऊ दे. निदान बायकोला तरी पटेल मी कामावर असतो म्हणून."

पण हे सगळं किरकोळ. डिंकदादाची खरी कमाई म्हणजे 'दाट'. दूध, साखर, चवीपुरतं मीठ आणि साबूचं पीठ, तळाशी थोडे शिजलेले दाणे. एवढंच. त्यात मेख अशी की ते गरम द्यायचं नाही. पहिली फेरी मारून आलेल्या ड्रायव्हरकडे दुसरी गाडी सुटेपर्यंत चार मिनिटं असतात. चार मिनिटांत गरम काही पिता येत नाही आणि नुसतं पातळ पिऊन पोट धरत नाही. म्हणून डिंकदादा उजाडताना दहा लिटरचं पातेलं शिजवायचा, ते उतरवून गार पाण्याच्या टाकीत अर्धं बुडवून ठेवायचा, आणि अंगाला लावून बघावं इतकं कोमट झालं की ग्लास भरायचा. ड्रायव्हर उभ्या उभ्या घटाघट पिणार, मिशा पुसणार, की चालला. दुपारपर्यंत पोटातून हाक नाही.

कॅन्टीनमध्ये एक नियम होता आणि तो अकरा वेळापत्रकांपेक्षा घट्ट होता. चाखायचं ते तळहातावर. पळीतून थेंब तळहातावर घ्यायचा आणि तिथून जिभेवर. तोंडाला लागलेली पळी पुन्हा पातेल्यात गेली तर डिंकदादा अख्खं पातेलं मोरीत ओतायचा. एकदा तर प्रत्यक्ष फोरमनने चमचा चाटून परत बुडवला म्हणून सहा लिटर सूप ओतलं होतं आणि फोरमनला म्हणाला होता, "साहेब, इंजिनात तुम्ही चाखलेलं ऑइल परत घालता का?"

आणि हा थेंब जिभेवर ठेवून डिंकदादा जे सांगायचा ते ऐकायला लोक थांबायचे. दूध कालचं आहे का, पातेल्याची डावी बाजू जास्त तापली का, साखर तळाशी बसलीय का. मापाचा वाटी-चमचा त्याच्या स्वयंपाकघरात औषधालाही नव्हता. मागे एकदा मोजमापाचे चकचकीत चमचे कमरेला लटकवून एक शिकलेला आचारी जागा मागायला आला होता. डिंकदादा त्याला म्हणाला, "भाऊ, तू औषधाच्या दुकानात बस. तिथे थेंब मोजायला लागतात." हे वाक्य डेपोत वर्षभर चाललं.

तर अशा माणसाची जीभ गेली.

दोन महिन्यांपूर्वी तो तापाने आठवडाभर अंथरुणाला खिळला. उठून कामावर आला, दाट शिजवलं, थेंब तळहातावर घेतला, चाटला. काही नाही. कागद चाटल्यासारखं. त्याने आजूबाजूला बघितलं आणि डब्यातलं मीठ चाटलं. काही नाही. साखर चाटली, ती वाळूसारखी दातांत वाजली एवढंच. हिरवी मिरची चावली. डोळ्यांतून पाणी आलं, कान तापले, पण मिरची कुठे भेटली नाही. कांदा हुंगला तर कांद्यानेही ओळख दाखवली नाही.

डिंकदादाने डबा बंद केला आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

सांगणार तरी काय आणि कुणाला? ड्रायव्हरांना सांगावं तर हॉर्न पुढच्या गावापर्यंत ऐकू जाईल असा बोंबलणार. मोजमापाचे चमचे आणावेत तर तीस वर्षांची थट्टा उलटून अंगावर येणार. बायकोला सांगावं, तर ती गल्ल्याशी बसणारी बाई, उगाच काळजी करत बसेल. ड्रायव्हर तिला वहिनी म्हणायचे. डिंकदादा तिला "अगं" म्हणायचा, आणि तिच्या हातच्या स्वयंपाकाबद्दल एकतीस वर्षांत त्याने चांगला शब्द काढला नव्हता. घरी ती रांधायची आणि तो जेवताना न्यायाधीशासारखा बसायचा. "मीठ पळालंय." "फोडणी रडलीय." ती म्हणायची, "उद्यापासून कॅन्टीनमध्येच जेवा." पण उद्या पुन्हा दोघं समोरासमोर.

मग डिंकदादाने नाटक सुरू केलं. थेंब तळहातावर, डोळे मिटायचे, मान थोडी उजवीकडे कलती, मग "हं." बघणाऱ्याला वाटावं की जिभेचं काम जोरात चाललंय. आत मात्र धाकधूक. साखरेची मूठ भरताना वाटायचं, जास्त झाली तर सगळ्यांना कळेल. म्हणून मूठ थोडी कमी भरायची. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी कमी. हात दिवसेंदिवस आखडत चालला. आणि आश्चर्य म्हणजे कुणाची तक्रार नाही! हॉर्न तर म्हणाला, "डिंक्या, तापातून उठल्यापासून तुझा हात जास्तच बसलाय."

डिंकदादा मनात फुगला. त्याला वाटलं, जीभ गेली तर गेली, हाताला आठवतंय. तीस वर्षांचा हात आहे, चेष्टा आहे का?

आणि मग दाट पातळ व्हायला लागलं.

आधी दहाच्या पाळीने कुरकुर केली. सकाळी सातला पळी उभी राहील असं असलेलं दाट दहाला पाण्यासारखं. मग नऊला. मग साडेआठला. एके दिवशी आठ वाजता हॉर्नने ग्लास तोंडाला लावला आणि घटाघट पिण्याच्या सवयीने एका दमात संपवला, कारण अडवायला आत काही नव्हतंच.

"डिंक्या, हे दूध आहे का दाट आहे का डोळ्यांत घालायचं औषध आहे?"

"तुला पचत नसेल."

"पचायला पोटात थांबायला नको का ते? आलं आणि निघून गेलं, पाहुण्यासारखं!"

बातमी डेपोसाहेबापर्यंत गेली. डेपोसाहेब सडपातळ गृहस्थ, बोलताना नेहमी घड्याळाकडे बघून बोलायचे. त्यांनी डिंकदादाला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एका यंत्राचं रंगीत चित्र होतं. बटण दाबलं की पेय पडतं असं यंत्र.

"मुख्य कचेरीतून शनिवारी मॅडम येतायत," साहेब घड्याळाला म्हणाले. "तुमचं दाट एक तास ठेवून बघणार. घट्ट राहिलं तर ठेका तुमच्याकडे. पातळ झालं तर हे यंत्र बसेल. पावडर आणि पाणी. त्यात कुणाचा हात नाही."

"हात नाही तर चव कुठून येणार साहेब?"

"पातळ तरी होणार नाही," साहेब म्हणाले.

तो मंगळवार होता. डिंकदादा तिथून निघाला तो सरळ पीठवाल्याकडे. पीठवाला म्हणजे जाड भिंगांचा, पांढऱ्या पापण्यांचा माणूस. पिठाच्या दुकानात इतकी वर्षं बसून त्याचा चेहराही पोत्यातून काढल्यासारखा झाला होता.

"भेसळ करतोस!" डिंकदादा दारातूनच ओरडला.

पीठवाल्याने स्टोव्ह पेटवला. त्याने डिंकदादाला जातं त्याच पोत्यातलं पीठ घेतलं, पाण्यात कालवलं, स्टोव्हवर शिजवलं आणि त्यात चमचा उभा केला. मग दोघं समोरासमोर बसून त्या चमच्याकडे बघत राहिले. गिऱ्हाइकं आली, गेली. तासाभराने चमचा जसाच्या तसा. पीठवाला म्हणाला, "आता हा चमचा तूच घेऊन जा. माझ्याने काही तो निघणार नाही."

डिंकदादाने दूधवाला बदलला. पातेलं बदललं. पाणी बदललं. भांडी घासणाऱ्या मामांना पातेलं राखेने तीनदा घासायला लावलं. मामा म्हणाले, "आणखी एकदा घासलं तर पलीकडचं दिसेल." तरी दाट पातळच. त्याला वाटायला लागलं, ही जिभेचीच शिक्षा आहे. जीभ गेली तसा साबूही रुसला. दोघांचं आधीपासून आतून काहीतरी ठरलेलं असणार.

गुरुवारी कॅन्टीनमध्ये कुणी नसताना त्याला बीएस्सी भेटली. बीएस्सी म्हणजे डेपोतली कंडक्टर. मुलगी विज्ञानाची पदवी घेऊन आली होती, आणि नोकरी मिळाली ती तिकिटं फाडायची. पण तिने विज्ञान सोडलं नव्हतं. गाडीला ब्रेक लागला की उभ्या प्रवाशांना गतीचे नियम समजावून सांगायची.

"दादा, तुम्ही ते दाट कोमट होऊ देता ना?"

"हो. का?"

"मग त्यात कुणीतरी उष्टं घालतंय."

डिंकदादाच्या हातातलं ओगराळं खाली पडलं.

"सातवीत आम्ही करून बघितलंय," बीएस्सी म्हणाली. तिने दोन वाट्यांत कालची उरलेली खळ कोमट करून घेतली. एका वाटीत स्वच्छ चमचा घातला. दुसरा चमचा आधी चाटला, मग घातला आणि ढवळला. "आपल्या लाळेत असं काहीतरी असतं की ते पिठाला तोडतं. थोडीशी पुरते. उकळत्यात घातलं तर ते मरून जातं, काही होत नाही. पण कोमट असेल तर ते मजेत बसून काम करतं."

चहा पिऊन होईपर्यंत दुसऱ्या वाटीतली खळ ओघळायला लागली होती.

"मांजर!" डिंकदादा म्हणाला. डेपोत एक बोका होता.

"मांजराच्या लाळेत ते नसतं दादा. हे काम माणसाचं आहे."

डिंकदादाची झोप उडाली. पातळ झालं याचं दुःख बाजूला राहिलं. ज्या पातेल्यासाठी आपण फोरमनला बोललो, त्यात रोज कुणीतरी चाटलेली पळी घालतंय! मामा? मामांचे दात नाहीत, त्यांना दाट फार आवडतं. फोरमन? जुना सूड. हॉर्न? त्याचं तोंड कुठेही जाऊ शकतं. शुक्रवारी तो तिघांच्याही तोंडांकडे इतका टक लावून बघत राहिला की हॉर्न म्हणाला, "काय रे, माझ्या मिशीत काही चिकटलंय का?"

"चिकटलंय का, तूच सांग," डिंकदादा म्हणाला.

"डोक्यावर परिणाम झालाय याच्या," हॉर्नने अख्ख्या डेपोला कळवलं.

शनिवार उजाडला. डिंकदादाने दाट शिजवलं, पातेलं टाकीत ठेवलं, थेंब घेऊन मान कलती करून "हं" म्हणाला आणि रोजच्यासारखं मोठ्याने, "मी बाहेर भावाच्या पाट्या लावून येतो गं," असं सांगून बाहेर पडला. बाहेर पडला आणि मागच्या दाराने आत येऊन साबूच्या पोत्यांमागे उकिडवा बसला. तिथे बसून त्याला पातेलं दिसत होतं, टाकी दिसत होती, आणि गुडघे दुखत होते.

मामा आले, कपबशा ठेवून गेले. पातेल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डिंकदादाने मनात त्यांना माफ केलं. मग फोरमन खिडकीतून डोकावला, "चहा आहे का?" म्हणाला, वहिनीचं "नाही" ऐकून गेला.

आणि मग गल्ल्यावरून वहिनी उठली.

तिने दाराकडे बघितलं. ओगराळं घेतलं, पातेल्यात बुडवलं आणि काठाला तोंड लावून एक घोट घेतला. थांबली. कपाळाला आठ्या. "आज तर साखरेचं नावच नाही," ती स्वतःशी म्हणाली आणि डब्यातून मूठभर साखर टाकली. तेच ओगराळं बुडवून ढवळलं. घोट. "अंहं." अर्धी मूठ. ढवळलं. घोट. मिठाची चिमूट. घोट. तिचा हात भराभर चालला होता, नजर दाराकडे, आणि ओगराळं तोंडातून पातेल्यात, पातेल्यातून तोंडात. शेवटी तिचा चेहरा सैल झाला. "झालं एकदाचं," म्हणत तिने हात पुसले.

पोत्यांमागून डिंकदादा उठला तो पांढराफटक. अर्धा पिठाने, अर्धा धक्क्याने.

"अगं, उष्टं!"

वहिनी किंचाळली आणि ओगराळं घेऊन वळली. नवऱ्याला ओळखायला तिला क्षणभर वेळ लागला.

"अहो, तुम्ही! पोत्यात काय करताय?"

"तू पातेल्यात काय करतेयस? चाटलेलं ओगराळं! कॅन्टीनचा नियम काय?"

"तळहातावर घ्यायचा तुमचा नियम. तळहातावर घ्या, फुंका, डोळे मिटा, मान वाकडी करा. तेवढ्यात तुम्ही परत येता. मला चार मिनिटं मिळतात, ड्रायव्हरांसारखी."

"पण तू चाखतेसच कशाला?"

वहिनीने ओगराळं खाली ठेवलं. "मग कोण चाखणार? तुमची जीभ गेलीय तिला दोन महिने झाले."

डिंकदादा पोत्यावर बसला. पोतं फुसकन दबलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. तापातून उठल्यावर पहिल्या रविवारी माझ्याकडून भाजी करपली. काळी ठिक्कर. मी गुपचूप वाढली, म्हटलं आता ऐकून घ्यायचं. तर तुम्ही म्हणालात, छान झालीय." तिचा आवाज जरासा ओला झाला. "एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाच मला कळलं, काहीतरी भयंकर झालंय."

डिंकदादा पोत्याची सुतळी ओढत बसला. त्याला आठवलं, त्या दिवशी आपण समजूतदारपणे बोललो असं वाटून आपल्याला स्वतःबद्दल बरं वाटलं होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

डिंकदादाने डोक्यावरचं पीठ झटकलं. दोघं पातेल्याकडे बघत राहिले. मग डिंकदादाने तिला बीएस्सीच्या दोन वाट्यांची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता वहिनीचा हात तोंडाकडे गेला.

"म्हणजे पातळ मी करत होते?"

"तू गोड करत होतीस," डिंकदादा म्हणाला. "पातळ ते आपोआप होत होतं."

"अगं बाई! म्हणजे दोन महिने अख्खा डेपो माझं उष्टं..."

"हळू बोल. हॉर्न बाहेर आहे."

उकळलं तर जे काही आहे ते मरेल, हे डिंकदादाला माहीत होतं. पुन्हा पीठ लावून घट्टही करता आलं असतं. मॅडमना कळलं नसतं. पण नियम तो नियम. त्याने पातेलं उचललं आणि दहाच्या दहा लिटर दाट मोरीत ओतलं. मोरीने ते नाखुशीने गिळलं.

दूध संपलं. चहापुरतं लिटरभर राहिलं होतं, आणि मॅडम अर्ध्या तासात येणार होत्या.

"चहा कडक उकळ," डिंकदादा म्हणाला. "साखर मी जाळतो."

त्याने कढईत साखर तांबूस होईपर्यंत जाळली. वास त्याला येत नव्हता. वहिनी शेजारी उभी राहून सांगत होती, "अजून... अजून... आता बास, काढा!" त्यात काळा चहा, त्यात होतं तेवढं दूध. साबूचं पीठ गार पाण्यात कालवून धार सोडली आणि हात न थांबवता ढवळत राहिला. दाट जड होत गेलं, ते मात्र त्याला कळत होतं, कारण ते जिभेला नव्हे, मनगटाला कळतं. शेवटी कंडक्टर पोरांसाठी ठेवलेले काळे गोळे तळाशी सोडले.

पातेलं टाकीत ठेवलं तेव्हा पाळी सुटून ड्रायव्हर आत यायला लागले होते. हॉर्न पुढे, बीएस्सी मागे. डिंकदादाने पळी भरली. सवयीने स्वतःचा तळहात पुढे केला. मग तो मागे घेतला.

"हात कर," तो वहिनीला म्हणाला.

सगळ्यांसमोर त्याने तिच्या तळहातावर थेंब सोडला. तिने फुंकलं, चाटलं. डोळे मिटले नाहीत, मान वाकडी केली नाही.

"मीठ," ती म्हणाली.

"किती?"

"चिमूट. तुमची नव्हे, माझी."

सगळ्यांच्या माना वहिनीकडे वळल्या. हॉर्नचं तोंड उघडं होतं, पण त्यातून पहिल्यांदाच आवाज येत नव्हता.

मुख्य कचेरीच्या मॅडम आल्या. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, हातात फाइल. त्यांनी एक ग्लास भरून घेतला, त्यात चमचा खोचला, घड्याळ पाहिलं आणि तास होईपर्यंत डेपोसाहेबांबरोबर गाड्यांचे टायर बघायला गेल्या. मागे अख्खं कॅन्टीन त्या ग्लासाभोवती जमलं. दोघा ड्रायव्हरांनी त्यापायी गाड्या उशिरा सोडल्या. डिंकदादाने कुणालाही ग्लासाच्या हातभर जवळ येऊ दिलं नाही. "लांबून श्वास घ्या," तो म्हणत होता.

तास झाला. मॅडम आल्या. चमचा उभा होता.

हॉर्नला राहवेना. "मॅडम, हे बघा!" म्हणत त्याने ग्लास उचलून उलटा धरला, नेमका डेपोसाहेबांच्या बुटांवर. दाट हळूच सरकलं, काठापर्यंत आलं आणि तिथे विचार करत थांबलं. साहेब दोन पावलं मागे गेले. एक काळा गोळा तेवढा सुटला आणि टपकन बुटावर पडून घरंगळला.

मॅडमनी दुसरा ग्लास मागितला आणि प्यायल्या. गोळे चघळायला त्यांना वेळ लागला. तेवढा वेळ सगळे त्यांच्या गालांकडे बघत राहिले.

"गोड अगदी बेताचं आहे," त्या म्हणाल्या. "चव कोण बघतं?"

डिंकदादाने हॉर्नकडे पाहिलं, बीएस्सीकडे पाहिलं, आणि घसा साफ केला. "ही बघते. मला चव लागत नाही मॅडम. दोन महिने झाले. मीठ नाही, साखर नाही, काही नाही."

डेपोसाहेबांनी फाइलवर टिचकी मारली. "ऐकलंत मॅडम? आचाऱ्यालाच चव कळत नाही!"

मॅडमनी ग्लासाच्या तळाचा शेवटचा गोळा चमच्याने पकडला. "यंत्राला कळते का?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, पण घड्याळानेही साथ दिली नाही.

"यंत्राला बायकोही नसते!" हॉर्न गरजला, आणि त्याचा आवाज परत आलेला ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं.

ठेका राहिला. मॅडम गेल्यावर ड्रायव्हरांनी डिंकदादाला घेरलं. जिभेचं राहू दे, म्हणे, पण इतके दिवस पातळ होत होतं ते कशाने? डिंकदादा चुलीतली राख चाळायला लागला. वहिनी गल्ल्यात तोंड घालून बसली.

"मांजर," बीएस्सी शांतपणे म्हणाली. "डेपोतला तो बोका. विज्ञानाने सिद्ध झालंय."

बोक्याला त्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये बंदी झाली. वहिनी त्याला मागच्या दाराने रोज दूध देते, आणि मामांनी कारण विचारलं तर म्हणते, "कुणाची तरी चूक बिचाऱ्याच्या नावावर."

तिथून पुढे सकाळी डिंकदादा शिजवायचा आणि वहिनी तळहात पुढे करायची. पहिले चार दिवस ड्रायव्हर हसले. पाचव्या दिवसापासून, वहिनी काय सांगते ते ऐकायला थांबायला लागले.

तीन-साडेतीन महिने गेले असतील. एका रविवारी घरी दोघं जेवायला बसली होती. डिंकदादाने घास घेतला, चावला, आणि थांबला. दुसरा घास घेतला. मग ताट जरा लांब धरून त्याच्याकडे पाहिलं.

"अगं," तो म्हणाला, "भाजी करपलीय."

वहिनीच्या हातातला तांब्या कलंडला. पाणी ताटाखालून वाहत गेलं आणि तिने ते पुसलंही नाही.

"काय म्हणालात?"

"करपलीय. तळाला. आणि मीठ पळालंय." त्याने आणखी एक घास घेतला, अगदी सावकाश. "फोडणीसुद्धा रडलीय."

"आणखी सांगा," वहिनी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि तोंडावर हसू मावत नव्हतं. "आणखी काय वाईट आहे?"

डिंकदादाने शेवटच्या घासापर्यंत एकेक दोष सांगितला. पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना त्याने दाट शिजवलं, पळी भरली आणि तळहात पुढे केला. बाजूने आणखी एक तळहात पुढे आला.

"आता मला लागते की चव," तो म्हणाला.

"लागू दे ना," वहिनी म्हणाली. "तुम्ही ओता."